विदर्भात राहून फुप्फुस आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरवर संशोधन: एका निवासी डॉक्टरला उत्तर

प्रश्न विचारणारे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे आहेत, एम.एस. सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणतात: "मला फुप्फुस आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरची सर्जरी करायची आहे आणि संशोधनही. सीनियर सांगतात, संशोधन मुंबईला नाहीतर परदेशात. विदर्भात परत आलास तर नुसतं कापायचं आणि शिवायचं. हे खरं आहे का? सुरुवात कुठून करू? आणि परदेशी फेलोशिप लागतेच का?"

सीनियर सांगतात ते अर्धं खरं आहे. औषध कंपन्यांच्या मोठ्या चाचण्या, जनुकांच्या प्रयोगशाळा, प्रत्येक पेशंटमागे एक डेटा मॅनेजर हे इथे मिळेल या आशेवर येऊ नका. पण सर्जनचं संशोधन मुळात त्यावर उभं नसतं. ज्यांची छाती आपण उघडली त्या प्रत्येकाचं दोन वर्षांनी, पाच वर्षांनी काय झालं हे ठामपणे सांगता येणं, यावर ते उभं असतं. ते धामणगावात बसूनही जमतं, आणि मोठ्या शहरातल्या चकचकीत हॉस्पिटलातही अनेकांना जमत नाही.

आमच्या विषयाचा इतिहासच पाहा. १९३३ साली अमेरिकेत सेंट लुईसला सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस एका बैठकीत काढलं आणि पेशंट वाचला. तो पेशंट स्वतः डॉक्टर होता. ऑपरेशन धाडसाचं होतंच, पण त्याला वजन आलं ते पेशंट पुढे वर्षानुवर्षं जगला आणि ते सगळ्यांना माहीत होतं म्हणून. ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढायचे. तंबाखूने फुप्फुसाचा कॅन्सर होतो यावर त्यांचा आधी फारसा विश्वास नव्हता. अर्न्स्ट विंडर नावाच्या विद्यार्थ्याने हट्टाने पेशंटच्या मुलाखती गोळा केल्या आणि १९५० मध्ये दोघांच्या नावाने तो निबंध छापून आला. १९५७ मध्ये ग्रॅहॅम फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले. त्यांचा तो पेशंट त्यांच्यानंतरही जिवंत होता.

पुढे प्रश्न आला की लहान गाठीसाठी फुप्फुसाचा अख्खा खण, म्हणजे लोब, काढायचा की त्याचा एक भाग काढून भागेल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या लंग कॅन्सर स्टडी ग्रुपने २४७ पेशंटच्या आधारे सांगितलं की कमी काढलं तर गाठ तिथेच परत येण्याचं प्रमाण बरंच वाढतं, म्हणून लोबच काढा. जवळपास पंचवीस वर्षं सगळं जग तेच करत राहिलं. मग २०२२ मध्ये जपान्यांनी २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर ११०६ पेशंटची चाचणी प्रसिद्ध केली. भाग काढलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९४.३ टक्के जिवंत होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. गंमत म्हणजे गाठ जागेवर परत येण्याचं प्रमाण भाग काढलेल्यांत तेव्हाही जास्तच होतं, तरी माणसं जास्त जगली. हे कळायला ७० हॉस्पिटलं लागली आणि पाठपुरावा वर्षानुवर्षं अतिशय काटेकोर ठेवावा लागला.

आता आपल्या ओपीडीकडे या. २ सेंटिमीटरची गाठ घेऊन आपल्याकडे कोण येतं? गुडघ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेल्या एक्स-रेत एखादी अचानक सापडली तरच. बाकी सगळे खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर, आवाज बसल्यावर, छातीत पाणी झाल्यावर येतात. म्हणजे जपानचा तो सुंदर प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, पण तो आपला नाही. तरुण सर्जनचा पहिला मोह हाच असतो: परदेशी परिषदेत जे गाजतंय तेच आपल्याकडे वीस पेशंटवर करून पाहायचं. त्यातून पेपर होतो, नवीन काही कळत नाही.

"मग गावोगावी सीटी स्कॅन करून लवकर शोधू" हा पुढचा मोह. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या ५३,४५४ जणांवर केलेल्या चाचणीत, २०११ मध्ये, कमी डोसच्या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले हे खरं. पण त्याच चाचणीत संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांहून जास्त कॅन्सरचे नव्हतेच. ही गोष्ट टीबी जवळपास संपलेल्या देशातली आहे. आपल्याकडे टीबीचे जुने डाग, गाठी, चुन्याचे खडे अर्ध्या गावाच्या छातीत निघतील. त्यातला कॅन्सर कसा ओळखायचा हा मात्र आपला प्रश्न आहे आणि त्याची उलट बाजू त्याहून महत्त्वाची आहे. एक्स-रेत सावली दिसली, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा महिने गेले, सावली वाढली आणि मग माणूस सर्जनकडे आला. हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आता सीबीनॅटची, म्हणजे टीबीच्या जंतूच्या जनुकीय तपासणीची सोय जिल्ह्यातच काय, बऱ्याच तालुक्यांतही आहे. तरी पहिल्या खोकल्यापासून तुकडा तपासणीपर्यंत नेमके कुठे किती दिवस जातात: खाजगी दवाखान्यात, उपजिल्हा रुग्णालयात, की पैशाची जुळवाजुळव करण्यात? याचा नीट मांडलेला हिशेब कुठल्याही नव्या स्टेपलरच्या पेपरपेक्षा मोलाचा आहे, आणि तो तुम्ही रेसिडेंट असतानाच सुरू करू शकता.

अन्ननलिकेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण विदर्भातल्या सर्जनसाठी सगळ्यात सुपीक जमीन तीच आहे.

आजचा उपचार ज्या चाचणीवर टेकलेला आहे ती नेदरलँड्सची 'क्रॉस'. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ३६६ पेशंट, निम्म्यांना थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी आठवड्याला एक अशी पाच वेळा केमो आणि सोबत २३ दिवस रेडिएशन, मग ऑपरेशन. जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे पेशंट जिवंत असतात तो काळ, २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेला. त्या पेशंटमध्ये तीन चतुर्थांश ॲडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरचे होते. आपल्याकडे बहुतेक पेशंट स्क्वॅमसचे, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींच्या कॅन्सरचे, आणि स्क्वॅमसमध्ये तर फायदा जास्तच दिसला: ऑपरेशन करून काढलेल्या अन्ननलिकेत जवळपास निम्म्यांमध्ये जिवंत कॅन्सरपेशी उरलीच नव्हती. झालं, आम्ही सगळे 'क्रॉस' द्यायला लागलो.

पण त्या निबंधातला पात्रतेचा परिच्छेद काढून वाचा. वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलेल्यांना त्यांनी घेतलंच नव्हतं. आता सांगा, आपल्या ओपीडीतले किती जण बसतील? "घास अटकून रायला" म्हणून माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडून ॲसिडिटीची गोळी घेतो. मग भाकर सोडून वरणात कुस्करलेली पोळी खातो, मग नुसती पेज. पाणीसुद्धा उतरेनासं झालं की दुर्बीण होते. तोवर कंबरेचा करगोटा सैल झालेला असतो. त्याचं मूळ वजन किती होतं हे कुणालाच माहीत नसतं, कारण आयुष्यात वजनकाट्यावर तो पहिल्यांदाच आपल्याकडे उभा राहिला. याला 'क्रॉस'चा निकाल जसाच्या तसा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लावणं.

त्यातून प्रश्न उभे राहतात आणि ते आपले आहेत. अशा पेशंटला आधी पोटातून आतड्यात नळी टाकून तीन आठवडे पोसलं आणि मग केमो-रेडिएशन दिलं तर उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण वाढतं का? नळीतून घरचं काय द्यायचं? डब्यातली पावडर परवडत नाही. दूध, भाजलेल्या डाळीचं पीठ, गूळ, तेल यांचं पातळ मिश्रण किती प्रथिनं देतं आणि नळी चोंदते का? रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे जवळपास पाच आठवडे. मेळघाटातल्या धारणीहून किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीहून आलेला माणूस एवढे दिवस नागपुरात राहणार कुठे? सरकारी आरोग्य योजनेतून उपचार फुकट होतात, पण सोबतच्या मुलाची मजुरी बुडते ती कुठल्याच कागदावर येत नाही. उपचार मध्येच सोडणारे नक्की कितव्या दिवशी सोडतात, कापूस वेचणीत जास्त सोडतात का, हे मोजता येतं. रेडिएशनचे दिवस कमी करून रोजचा डोस थोडा वाढवला तर चालेल का, हा पुढचा, मोठा प्रश्न. तो एकट्याने सोडवायचा नाही, पण तो मांडायचा हक्क ज्याच्याकडे आधीची आकडेवारी आहे त्यालाच मिळतो.

गरिबीतून निघालेला प्रश्न दुय्यम असतो असं समजू नका. टाटा मेमोरियलच्या मंडळींनी डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर. हा प्रश्न श्रीमंत देशातल्या कुणाला सुचायचं कारणच नव्हतं. आणि आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा जो अभ्यास केला, तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यावरून धोरणं बदलली. तिथे मोठं यंत्र काहीच नव्हतं. गावातल्या बाया होत्या आणि प्रत्येक जन्माची, प्रत्येक मृत्यूची नोंद होती.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल वेगळं सांगायला हवं. फुप्फुसाचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन करताना भूलतज्ज्ञ एका बाजूचं फुप्फुस बंद ठेवतो. ऑक्सिजन खाली जातो, कधी तापमानही उतरतं. सिकलसेलच्या पेशंटमध्ये नेमक्या याच गोष्टी लाल पेशी विळ्यासारख्या करतात आणि ऑपरेशननंतर छातीतली गुंतागुंत जीवघेणी ठरू शकते. परदेशातल्या थोरॅसिक, म्हणजे छातीच्या सर्जरीच्या युनिटमध्ये हा प्रश्न वर्षातून एखादवेळी येत असेल. आपल्याकडे पूर्व विदर्भात तो रोजचा आहे, आणि माझ्या मते इथल्या प्रत्येक थोरॅसिक पेशंटची ऑपरेशनआधी सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि गरज पडल्यास खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस झालंच पाहिजे. फक्त वाहक असलेल्या, म्हणजे एएस पेशंटमध्ये एका फुप्फुसावर श्वास चालवणं कितपत सुरक्षित आहे? सहसा काही होत नाही असं आपण मानतो. पण 'सहसा' हा आकडा नाही. नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया इथल्या भूलतज्ज्ञांनी एकाच पद्धतीची नोंदवही ठेवली तर काही वर्षांत जगाला सांगण्यासारखं उत्तर इथून निघेल.

खर्र्याचंही तसंच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात धरायचा, हे तोंडाच्या कॅन्सरशी जोडलेलं सगळ्यांना पाठ आहे. रस गिळणाऱ्यांच्या अन्ननलिकेचं काय? हिस्टरी घेताना 'टोबॅको: येस' एवढं लिहून पुढे जाऊ नका. खर्रा दिवसाला किती, थुंकतो की गिळतो, कितव्या वर्षापासून, बिडी वेगळी, मोहाची दारू वेगळी, नस-गुडाखू ही दातांना चोळायची तंबाखू वेगळी, चुलीपुढचे दिवस बायकांसाठी वेगळे. पाच मिनिटं जास्त लागतात. ही माहिती नंतर केस पेपरातून उकरून काढता येत नाही, ती पहिल्या दिवशीच लिहावी लागते.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते फॉलो-अप. पेशंट परत आला नाही की आपण 'लॉस्ट टू फॉलो-अप' लिहून मोकळे होतो, आणि सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे किती जण किती काळ जगले याचा आलेख काढताना सॉफ्टवेअर त्याला त्या दिवशी बाजूला काढतं. त्यामागचं गृहीत असं असतं की बाजूला काढलेला आणि हजर असलेला यांचं पुढचं नशीब सारखंच. आपल्या भागात हे गृहीत साफ खोटं आहे. बरा असलेला माणूस निदान दाखल्यासाठी, योजनेच्या कागदासाठी तरी येतो. न येणारा बहुधा गेलेला असतो, नाहीतर त्याचे पैसे संपलेले असतात. म्हणजे जितके जास्त हरवतील तितके तुमचे निकाल चांगले दिसतील. तिसरा हिस्सा पेशंट सापडत नसताना छापलेल्या पाच वर्षांच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही नामांकित ठिकाणचा असो.

यासाठी करायचं काय, तर अगदी साधी कामं. एक फोन नंबर पुरत नाही; तो बहुतेक वेळा पुतण्याचा असतो आणि पुतण्या पुण्याला कंपनीत असतो. तीन नंबर घ्या, त्यातला एक लेकीच्या किंवा जावयाच्या घरचा. गाव, तालुका, एसटीचा थांबा, आठवडी बाजाराचा वार लिहा. बाजाराच्या दिवशी फोन केला तर माणूस तालुक्याला असतो, रेंजमध्ये असतो. आशाताईंचं नाव लिहा, पण पेशंटची लेखी परवानगी घेऊनच, आणि त्यांना आजाराचं नाव न सांगता "तब्येत कशी आहे" एवढंच विचारा. घरात मुलीचं लग्न जुळत असेल तर कॅन्सरची बातमी बाहेर गेलेली कुणालाच नको असते. मृत्यू झाला असेल तर तारीख आणि शेवटचे पंधरा दिवस कसे गेले ते विचारा: घास जात होता का, रक्त पडलं का, ताप होता का. नातेवाईक रागावत नाहीत. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं.

हे अशक्य नाही याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथली माणसं पेशंट येण्याची वाट पाहत बसली नाहीत, गावोगाव गेली. विदर्भात नागपूरची नोंदणी जुनी आहे आणि वर्धा जिल्ह्याची सेवाग्रामहून चालते. तुमच्या हॉस्पिटलातली वही या नोंदण्यांशी ताडून पाहता आली पाहिजे, म्हणून निदानाचे कोड, पत्ते, वय पहिल्यापासून त्यांच्याच पद्धतीने लिहा.

प्रशिक्षणाचं फार लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेलच. एम.एस.नंतर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन एम.सीएच. ही पुढची पदवी करायची: एकतर सर्जिकल ऑन्कॉलॉजी, नाहीतर हृदय-छाती-रक्तवाहिन्यांचं. तुमचा कल पाहता पहिलं घ्या. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी वेळ हृदयावर जातो. नंतर ज्या ठिकाणी अन्ननलिकेची ऑपरेशनं दर आठवड्याला होतात अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षं काढा, कारण हात बसण्याआधी केलेलं संशोधन हे तुमच्या शिकण्याचं संशोधन असतं, उपचाराचं नव्हे. परत आल्यावर पहिल्या पेशंटपासून गुंतागुंत ठरलेल्या श्रेणीत लिहा: अन्ननलिकेचा जोड फुटला, आवाज बसला, छातीत दुधासारखं पाणी साठलं, ३० आणि ९० दिवसांतले मृत्यू. ९० दिवसांचे मृत्यू आवर्जून. आपल्याकडे घरी जाऊन एकविसाव्या किंवा चाळिसाव्या दिवशी गेलेले बरेच असतात आणि डिस्चार्ज कार्डावर ते 'बरे होऊन घरी' असतात.

एकट्याने मात्र चाचणी करायला जाऊ नका. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली सरकारी, ट्रस्टची, खाजगी केंद्रं त्यात आहेत. त्याच मंडळींची 'क्रेडो' नावाची कार्यशाळा होते, तिथे तुमचा कच्चा प्रश्न घेऊन जायचं आणि पूर्ण प्रोटोकॉल लिहून परत यायचं. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा झाल्यावर नव्हे, आधी भेटा. एथिक्स कमिटीची परवानगी आणि चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत नोंद पहिला पेशंट घेण्याआधी. मागाहून केलेली नोंद तिथे आता चालत नाही. संमतीपत्र पुस्तकी मराठीत लिहून उपयोग नाही. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, तुमच्याकडे दारव्हा-दिग्रसला बंजारा बोलणारी माणसं आहेत. त्यांच्यातल्याच कुणाकडून ते मोठ्याने वाचून घ्या आणि ऐकणाऱ्याला विचारा, काय समजलं.

पैसे देऊन आठवड्यात पेपर छापणारे मेल तुम्हाला येतील, येतच असतील. बढतीसाठी पेपर मोजले जातात हे खरं, तरी त्या वाटेला जाऊ नका. पेपरवर एचओडीचं, म्हणजे विभागप्रमुखांचं नाव कुठे टाकायचं यावर भांडू नका. डेटा कुणाकडे राहील यावर मात्र जरूर भांडा.

तुमचा थिसिस बहुधा ठरून गेला असेल. नसेल तर 'अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंतचा काळ आणि वजनातली घट' हा विषय गाईडपुढे ठेवा. ठरला असेल तर तो पूर्ण करा आणि हे बाजूला सुरू करा, एथिक्सची परवानगी घेऊन. तुमच्या हाताखाली एमबीबीएसची हुशार मुलं असतील तर आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी त्यांच्याकडून यातलाच एखादा तुकडा लिहून घ्या.

राहिला परदेशी फेलोशिपचा प्रश्न. लागतेच असं नाही. मिळाली तर घ्या, पण एम.सीएच. संपल्या संपल्या नको. स्वतःच्या नावावर दोन-तीन वर्षांचे पेशंट आणि त्यांचा पाठपुरावा हातात असू द्या, मग जा. अन्ननलिकेसाठी अमेरिका-युरोपपेक्षा मी जपान सुचवेन. अमेरिका-युरोपात ॲडिनोकार्सिनोमा जास्त, जपानात मात्र आपल्यासारखाच स्क्वॅमस. मानेपासून पोटापर्यंत लसिका ग्रंथी काढण्याची त्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे आणि ऑपरेशनआधी रेडिएशन न देता नुसती केमो देण्यावर त्यांनी मोठ्या चाचण्या केल्या आहेत. ज्यांना नागपुरात पाच आठवडे राहणं जमत नाही त्या आपल्या पेशंटसाठी हा पर्याय नीट तपासायला हवा. भाषेची अडचण येईल, पहिले दोन महिने नुसतं पाहावं लागेल. जाताना तुमचे आकडे सोबत न्या, ते विचारतीलच.